पार्सलच्या खोक्यातील हवेचे भाडे



या पानावर एरवी लागणीचे अंतर, खोडव्याचे व्यवस्थापन, माती परीक्षण असे विषय येतात. त्यात कुरिअरच्या पार्सलचा विषय कोठून आला, असे आपणांस वाटेल. कारण साधे आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या कार्यक्षेत्रातील बऱ्याच घरांतून गूळ, गूळपावडर, काकवी, पापड, कुरडई, गोधड्या असा माल मोबाइलवरून विकला जाऊ लागला आहे. कोणी मोठ्या कंपनीच्या ऑनलाइन बाजारात दुकान मांडले आहे, तर कोणी व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेऊन कुरिअरने माल पाठवतो. यात महिला बचत गट आहेत, शिकलेली मुले आहेत, सुना आहेत. नोंदलेला ऊस कारखान्याला आणि बिननोंदीचा थोडा ऊस घरच्या गुऱ्हाळाला, असा हिशेब कोणी करत असेल तर आमची तक्रार नाही. (नोंदीचाच ऊस गुऱ्हाळाला गेला तर मात्र तक्रार आहे, पण तो विषय आज नको.)

तक्रार आहे ती वेगळीच. माल चांगला, गिऱ्हाईक मिळते, पैसेही खात्यावर येतात, पण वर्षाअखेर हातात काही उरत नाही. अशा चार-पाच घरांचे हिशेब आमच्या गटकार्यालयात आले, ते आम्ही बारकाईने पाहिले. उसाच्या भावात किंवा गुळाच्या प्रतीत दोष नव्हता. दोष खोक्यात होता. खोका गरजेपेक्षा मोठा होता आणि कुरिअर कंपनी खोक्यातील रिकाम्या जागेचेही भाडे घेत होती. विकणाऱ्याला हे ठाऊकच नव्हते. त्याची समजूत अशी की, माल एक किलो म्हणजे भाडे एक किलोचे.

कारखान्याच्या आवारात उभे राहून पाहिले तर ही गोष्ट चटकन समजते. मोकळा बगॅस भरलेला ट्रक बाहेर पडतो तेव्हा ताडपत्रीखाली डोंगर झालेला असतो, पण काट्यावर त्याचे वजन फारसे भरत नाही. साखरेची पोती भरलेल्या ट्रकचे उलट असते. पोती हौद्याच्या निम्म्यालाही येत नाहीत तोच वजनाची मर्यादा संपते. मोकळा बगॅस घनमीटरला शंभर ते दीडशे किलोच्या आसपास बसतो, तर साखर आठशे किलोच्या घरात. म्हणजे एक गाडी जागेने भरते आणि दुसरी वजनाने भरते. डिझेल, ड्रायव्हरचा पगार आणि टोल दोन्ही गाड्यांना जवळपास तेवढाच लागतो. मग नुसत्या वजनावर भाडे लावले तर बगॅस नेणारा ट्रकमालक बुडेल.

उसाच्या ट्रॉलीचेही तेच. टोळीने पाचट आणि वाढे नीट न काढता मोळ्या सैल बांधल्या, तर ट्रॉली उंच दिसते, पण काट्यावर टन भरत नाहीत. वाहतूकदार मुकादमाशी भांडतो तो यासाठीच. त्याला पैसे टनावर मिळतात आणि त्याची जागा मात्र पाचटाने खाल्लेली असते. कुरिअर कंपनीने या भांडणावर कायमचा तोडगा काढला आहे. ती पार्सलचे वजनही करते आणि मापही घेते. दोन्हींपैकी ज्याचा आकडा मोठा, त्याचे पैसे लावते.

हा तोडगा नवा नाही. विमानाने जाणाऱ्या मालाला तो फार पूर्वीपासून लागू आहे. तेथे सहा हजार घन सेंटिमीटर जागा म्हणजे एक किलो, असे प्रमाण सर्वसाधारणपणे धरतात. जमिनीवरून जाणाऱ्या लहान पार्सलांना मात्र पुष्कळ काळ यातून सूट होती. अमेरिकेतील यूपीएस आणि फेडेक्स या दोन मोठ्या कंपन्या जमिनीवरून जाणाऱ्या पार्सलांपैकी तीन घनफुटांहून मोठ्या पार्सलांनाच हे माप लावत असत. २०१४ च्या अखेरीस आणि २०१५ च्या सुरुवातीस त्यांनी ते सगळ्याच पार्सलांना लावले. घरोघरी ऑनलाइन खरेदी वाढली होती आणि मोठ्या खोक्यात लहानशी वस्तू घातलेली पार्सले गाड्या भरून टाकत होती. ब्रिटनमध्ये रॉयल मेलने तर २००६ सालीच साध्या पत्रांचे दरसुद्धा वजनाबरोबर आकार आणि जाडी पाहून ठरवायला सुरुवात केली. आपल्याकडील खासगी कुरिअर कंपन्याही आज हीच पद्धत वापरतात.

आकारवजन कसे काढतात

कंपनीच्या बिलावर याला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. आपण त्याला आकारवजन म्हणू. खोक्याची बाहेरची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्ही आकड्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला पाच हजारांनी भागायचे. येईल तो आकडा किलोचा. पाच हजार हा भाजक आपल्याकडे बहुतेक कंपन्यांचा असतो, पण सगळ्यांचा नाही. एखाद्या कंपनीचा चार हजारही असू शकतो. भाजक लहान म्हणजे आकारवजन जास्त, हे ध्यानात ठेवा आणि करार करताना पहिल्यांदा हाच आकडा विचारा. दर स्वस्त सांगायचा आणि भाजक लहान ठेवायचा, हा प्रकार व्यापारात अशक्य नाही.

पाच हजार घन सेंटिमीटर म्हणजे पाच लिटर. घरातला पाच लिटरचा डबा डोळ्यांसमोर आणा. तेवढ्या जागेला कंपनी एक किलो धरते. त्या जागेत आपला माल एक किलोहून जास्त मावत असेल तर तो जड माल, म्हणजे साखरेच्या ट्रकसारखा. एक किलोहून कमी मावत असेल तर तो हलका माल, म्हणजे बगॅससारखा. सगळा विषय या एका डब्यात आला.

आता गूळ पाहा. एक किलोची भेली पाऊण लिटरच्या भांड्याएवढी जागा घेते. गूळपावडर मोकळी असल्याने किलोला सव्वा ते दीड लिटर घेते. काकवी तर पाण्याहून बरीच जड. म्हणजे उसापासून घरी होणारा आपला प्रत्येक पदार्थ जड मालात मोडतो. गुळाच्या पार्सलवर आकारवजनाचे बिल कधी येताच कामा नये. आले असेल, तर ते गुळाचे बिल नसून हवेचे आहे असे खुशाल समजावे.

एका घराचा हिशेब

आमच्याकडे आलेल्या हिशेबांपैकी एक सांगतो. नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. एका सभासदाच्या सूनबाई गूळपावडर विकतात. पावडर उत्तम, पाकीटही देखणे. शहरातील दुकानदाराने बारा-दहा-आठ इंची खोके शंभराच्या गठ्ठ्याला स्वस्त लावून दिले, म्हणून त्यांनी तेच घेतले. एक किलोचे पाकीट असो की दोन, माल त्याच खोक्यात जाई. उरलेल्या जागेत कागदाचे बोळे आणि बबलरॅप भरले जाई. आम्ही दर विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "साहेब, खोक्यामागं तीन रुपये वाचले की."

आता मोजू. खोके इंचात विकतात आणि बिल सेंटिमीटरवर होते, येथेच पहिली फसगत होते. बारा इंच म्हणजे साडेतीस सेंटिमीटर, दहा इंच म्हणजे सव्वापंचवीसच्या वर आणि आठ इंच म्हणजे वीसच्या वर. गुणाकार जातो १५,७३१ वर. पाच हजारांनी भागले की आकारवजन ३.१५ किलो. शिवाय दुकानदार सांगतो ते माप बहुधा आतले असते. पुठ्ठ्याची जाडी आणि झडपांचा फुगवटा धरून बाहेरचे माप ३१, २६ आणि २१ भरले, तर आकारवजन ३.३९ किलो होते. कुरिअरचे दर अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्याने चालतात आणि टप्पा नेहमी वरचा धरला जातो. म्हणजे बिल साडेतीन किलोचे. आत माल किती? एक किलो. खोका, पाकीट आणि बोळे धरून सव्वा किलो.

दर प्रत्येकाचे वेगळे असतात, म्हणून हिशेबासाठी एक दर धरून चालू. पहिल्या अर्ध्या किलोला ४० रुपये, पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला ३० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. या दराने दीड किलोचे बिल होते ११८ रुपये आणि साडेतीन किलोचे २५९ रुपये ६० पैसे. फरक १४१ रुपये ६० पैशांचा. खोक्यात वाचवलेले तीन रुपये या फरकात कोठे गेले ते शोधत बसावे लागेल.

हे लक्षात का आले नाही, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर पैसे कापण्याच्या पद्धतीत आहे. पार्सल नोंदवताना मोबाइलवर वजन आपणच भरतो. सूनबाईंनी दीड किलो भरले, ११८ रुपये कापले गेले, पार्सल गेले. पुढे कंपनीच्या मोठ्या गोदामात पट्ट्यावरून जाताना यंत्राने त्याचे माप आणि वजन पुन्हा घेतले. फरकाची रक्कम काही दिवसांनी आगाऊ भरलेल्या पैशांतून परस्पर वळती झाली. रोज पाच-दहा पार्सले जाणाऱ्या घरात कोणता फरक कोणत्या पार्सलचा, हे कळत नाही. गिऱ्हाइकाकडून पावडरीचे २०० आणि पोचवण्याचे ९० असे २९० रुपये आले आणि भाड्यालाच २६० गेले, तर पावडर, पाकीट, खोका आणि कष्ट यांना मिळून तीस रुपये उरतात. यात ऊस कोणी फुकट दिला, याचा विचार घरच्या कर्त्याने करावा.

त्यांना आम्ही आठ-सहा-चार इंची खोका वापरायला सांगितले. बाहेरून तो साधारण २१, १६ आणि ११ सेंटिमीटर भरतो, आकारवजन पाऊण किलोच्या आत. म्हणजे आता आकारवजनाचा प्रश्नच मिटला आणि खरे वजन तेवढे राहिले. यापुढे खोका आणखी लहान केल्याने भाड्यात एक पैसाही कमी होत नाही, हेही लक्षात घ्यावे. काही जण उत्साहाने खोका इतका आवळतात की पाकीट फाटते. जड मालाचा खोका आकारवजन खऱ्या वजनाखाली येईपर्यंतच लहान करावा, पुढे मालाची काळजी घ्यावी.

टप्प्याच्या काठावरचे पन्नास ग्रॅम

खोका बरोबर झाला की दुसरी गळती दिसू लागते. ती टप्प्याची. एक किलो पावडर आणि वर खोका-पाकिटाचे शंभर-सव्वाशे ग्रॅम मिळून वजन होते १,१२० ग्रॅम. टप्पा लागतो दीड किलोचा. म्हणजे ३८० ग्रॅमची जागा आपण भाड्याने घेतली आणि रिकामी पाठवली. हीच पावडर ९०० ग्रॅमची भरली, तर खोक्यासह ९९० ग्रॅमच्या आत बसते, टप्पा एक किलोचा आणि वरच्या दराने बिल ८२ रुपये ६० पैसे.

दर किलो पावडरीमागे भाडे किती पडते, हे काढून पाहिले की डोळे उघडतात. अर्ध्या किलोचे पाकीट खोक्यासह ५७० ग्रॅम होते, त्याला एक किलोचा टप्पा लागतो. म्हणजे किलोला १६५ रुपये भाडे. तेच पाकीट ४३० ग्रॅमचे केले, खोक्याऐवजी जाड प्लॅस्टिकच्या कुरिअर पिशवीत घातले आणि एकूण वजन अर्ध्या किलोच्या आत ठेवले, तर ४७ रुपये २० पैशांत जाते, किलोला ११० रुपये. नऊशे ग्रॅमच्या पाकिटाला किलोमागे ९२ रुपये. नऊशेची दोन पाकिटे एका खोक्यात, दोन किलोच्या टप्प्यात बसवली तर ८५ रुपये. एक किलोचे पाकीट, जे सगळे जण सवयीने भरतात, त्याला पडतात ११८.

यावरून मोठे पार्सल नेहमी स्वस्त, असा सरसकट निष्कर्ष काढू नये. ४ किलो ६०० ग्रॅम पावडर पाच किलोच्या टप्प्यात बसवली तरी किलोमागे ८० रुपयांच्या जवळच भाडे राहते. दोन किलोच्या पुढे बचत हळूहळू होते. खरी बचत टप्पा काठोकाठ भरण्यात आहे.

नऊशे ग्रॅमचे पाकीट काढायचे तर त्यावर निव्वळ वजन ९०० ग्रॅम असे ठळक छापले पाहिजे आणि मोबाइलवरील जाहिरातीतही तेच लिहिले पाहिजे. किलोच्या भावात नऊशे ग्रॅम देणे हा वेगळा धंदा झाला, त्याची आम्ही शिफारस करत नाही. काटामारीविषयी साखर कारखान्याला आपण सभासद जे बोलता, तेच गिऱ्हाईक आपल्याला बोलेल.

वजन करायचे ते चिकटपट्टी लावून आणि पत्त्याचा कागद डकवून झाल्यावर. टप्प्याच्या वीस-तीस ग्रॅम खालीच थांबावे. आपला काटा आणि कंपनीचा काटा यांत थोडा फरक निघतो, शिवाय पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो. गूळपावडरही हवेतली ओल पटकन ओढते, म्हणून आतले पाकीट हवाबंदच हवे.

काकवीची बाटली

काकवीचे गणित थोडे निराळे आहे. अर्धा लिटर काकवीचे वजन सातशे ग्रॅमच्या आसपास भरते. काचेची बाटली तीनशे ग्रॅमची धरा. काच फुटू नये म्हणून चोहोबाजूंनी पाच-पाच सेंटिमीटर मऊ भर लागते. आठ सेंटिमीटर व्यासाच्या आणि सोळा सेंटिमीटर उंचीच्या बाटलीला मग १८, १८ आणि २६ सेंटिमीटरचा खोका लागतो. खरे वजन सव्वा किलोच्या आत, पण आकारवजन १.६८ किलो, टप्पा दोन किलोचा, बिल १५३ रुपये ४० पैसे. येथे काच दोनदा पैसे खाते, एकदा स्वतःच्या वजनाने आणि दुसऱ्यांदा तिला सांभाळणाऱ्या भरीने.

खाद्यपदार्थांसाठी योग्य अशा दर्जाच्या प्लॅस्टिक बाटलीत तीच काकवी भरली तर बाटली पन्नास ग्रॅमच्या आत येते, दीड सेंटिमीटर भर पुरते, ११, ११ आणि १९ सेंटिमीटरच्या खोक्यात बसते. आकारवजन अर्ध्या किलोच्या आत, खरे वजन साडेआठशे ग्रॅमच्या घरात, बिल ८२ रुपये ६० पैसे. काचेची बाटली दिसायला भारदस्त असते हे आम्हालाही मान्य आहे. ती जत्रेत, प्रदर्शनात, हातोहात विकावी. काकवी पूर्ण थंड झाल्याशिवाय मात्र प्लॅस्टिकमध्ये भरू नये. आणि पातळ पदार्थ घेण्याबाबत कुरिअरवाल्यांचे नियम कडक असतात, तेव्हा आधी विचारूनच ऑर्डर घ्यावी.

गोल बरण्या वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. यंत्र गोल वस्तूलाही चौकोनी समजूनच मोजते. वीस सेंटिमीटर व्यासाचा आणि तेवढ्याच उंचीचा गोल डबा खऱ्या अर्थाने ६,२८३ घन सेंटिमीटरचा असतो, पण बिल वीस गुणिले वीस गुणिले वीस म्हणजे ८,००० चे होते. चार कोपऱ्यांतील हवा आपल्या नावावर पडते. गुळाला याचा त्रास नाही, हलक्या मालाला फार आहे.

कुरडई आणि गोधडी

आता बगॅसच्या जातीचा माल. कुरडई म्हणजे बोलूनचालून जाळी. पाव किलो कुरडईला २५, २० आणि १५ सेंटिमीटरचा खोका लागला तर आकारवजन बरोबर दीड किलो. पाव किलो मालाला ११८ रुपये भाडे. त्यातही खोका जरा फुगला आणि प्रत्येक बाजू एकेक सेंटिमीटरने वाढली, तर गुणाकार ७,५०० वरून ८,७३६ वर जातो, आकारवजन १.७५ होते आणि टप्पा दोन किलोचा लागतो. एका सेंटिमीटरला ३५ रुपये ४० पैसे. हलका माल भरताना झाकण दाबून बसवणे, फुगवटा राहू न देणे आणि सेंटिमीटरची टेप जवळ ठेवणे याला इतके महत्त्व आहे.

कुरडईला दाबता येत नाही. लहान आकाराची करून एकात एक बसवली तर त्याच खोक्यात जास्त मावते, एवढाच उपाय. नाहीतर ती पुण्या-मुंबईला जाणाऱ्या पाहुण्याच्या हाती देण्याची जुनी पद्धतच बरी. तेथे भाजक नसतो, फक्त पाहुण्याचा स्वभाव पाहावा लागतो.

गोधडीला मात्र दाबता येते आणि तेथे बचत मोठी आहे. अडीच किलोची गोधडी सैल घडी करून ६०, ४५ आणि २० सेंटिमीटरच्या खोक्यात घातली, तर आकारवजन १०.८ किलो. अकरा किलोच्या टप्प्याने बिल होते ७९० रुपये ६० पैसे. तीच गोधडी घट्ट गुंडाळून, दाबून, हवा काढलेल्या पिशवीत ४५, ३५ आणि १२ सेंटिमीटरमध्ये बसवली, तर आकारवजन ३.७८ किलो आणि बिल २९५ रुपये. गोधडी तीच, टाके तेच, पत्ता तोच. जवळपास पाचशे रुपये फक्त घडीचे. शिवणाऱ्या बाईला एका गोधडीमागे मजुरी किती मिळते, याच्याशी हा आकडा ताडून पाहावा.

बिलावर हरकत

यंत्रही चुकते. पार्सल तिरके पडले, चिकटपट्टीचे टोक वर आले, शेजारचा खोका चिकटून गेला, तर माप जास्त येते. अशा वेळी कंपनीकडे हरकत घेता येते, पण तिला ठराविक दिवसांची मुदत असते आणि ती फार लांब नसते. मुदत गेली की पैसे गेले. उसाच्या काटापट्टीवर त्याच दिवशी बोलावे लागते, तसेच हे आहे. हरकत घेताना पुरावा लागतो. म्हणून एका मापाचा खोका ठरला की तो भरून काट्यावर ठेवलेला एक फोटो आणि लांबी, रुंदी, उंचीला टेप लावलेले तीन फोटो काढून ठेवावेत. पत्त्याचा कागद फोटोत वाचता आला पाहिजे. आठवड्यातून एक वार ठरवून फरकाच्या रकमा तपासाव्यात. घरातील शाळकरी मूल हे काम आपल्यापेक्षा लवकर करील.

अंतराप्रमाणे दर बदलतात हे सर्वांना ठाऊक आहे, त्यावर अधिक लिहीत नाही. परत येणाऱ्या पार्सलाबद्दल तेवढे सांगतो. गिऱ्हाइकाने माल नाकारला, विशेषतः माल पोचल्यावर पैसे देण्याच्या ऑर्डरीत, तर जाण्याबरोबर येण्याचेही भाडे बहुधा विकणाऱ्याच्याच माथी बसते. खोका मोठा असेल तर हवेचे भाडे दोन वेळा. अशी ऑर्डर रवाना करण्यापूर्वी गिऱ्हाइकाला एक फोन करावा.

पोस्टाचा पर्याय पुष्कळ जण विसरतात. तालुक्याच्या पोस्टात जाऊन, आपला खोका खिडकीवर ठेवून, वजन आणि आकार यांपैकी कशावर आकारणी होईल आणि किती, हे विचारावे. दुर्गम गावच्या गिऱ्हाइकापर्यंत पोस्टमन पोचतो, हा त्याचा मोठा गुण आहे. जुन्या तक्त्यावर विसंबू नये, दर बदलत असतात.

खोके एकाच मापाचे घेण्याचा मोह आवरावा. गूळ, पावडर आणि काकवी विकणाऱ्या घराला तीन मापे पुरतात: एका पाकिटाचे, जोडपाकिटाचे आणि बाटलीचे. शंभर खोके घेण्याएवढी विक्री एकट्याची नसेल तर चार-पाच घरांनी मिळून गठ्ठा घ्यावा आणि वाटून घ्यावा. ऊस बेण्याच्या बाबतीत आपण हे करतोच.

ऊस विकास विभागाने गटकार्यालयात एक इलेक्ट्रॉनिक काटा आणि मोजपट्टी ठेवली आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत कोणीही आपले भरलेले पार्सल आणि मागील महिन्याचे कुरिअरचे बिल घेऊन यावे. आमचे शेती मदतनीस माप घेऊन आकारवजन आणि टप्पा कागदावर लिहून देतील. त्यासाठी शुल्क नाही. गोधडी आणणाऱ्यांनी सकाळी लवकर यावे, तिला दाबायला दोन माणसे लागतात.